फिरत्या घराने किनाऱ्यावर थांबावे कोठे?

विदर्भातील माणसाला समुद्राचे अप्रूप असावे, हे स्वाभाविकच आहे. नागपूरहून निघालेला महामार्ग वर्धा, यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीस पोहोचतो. निजण्या-रांधण्याची सोय असलेली कॅराव्हॅन घेऊन (शिक्षक-कारकुनांच्या बाबतीत ती भाड्याचीच असणार) या वाटेने आलेल्या कुटुंबाला हॉटेल शोधावे लागत नाही. अडचण उद्भवते ती गाडी उभी करताना.

रत्नागिरीचे किनारे पायी फिरून पाहण्याचे आहेत. मांडवीची वाळू काळी. मिऱ्याकडील किनाऱ्यास मात्र लोक ‘पांढरा समुद्र’ म्हणतात. काजळी नदीच्या मुखापलीकडे भाट्ये, तेथे सुरूचे बन. या बनाच्या पुढे वाहन नेण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. चाके वाळूत रुततात, हा भाग क्षुल्लक. याच जिल्ह्यात वेळासला समुद्रकासवे वाळूत अंडी घालतात. अशा वाळूवरून चाके फिरणे हा निव्वळ अविचार होय. गाडीतील सांडपाणी तेथेच सोडणे तर त्याहून वाईट.

परंतु केवळ प्रवाशाला दोष देऊन भागणार नाही. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. त्यात अशा वाहनांच्या तळांची तरतूद आहे. मग किनाऱ्यापासून थोडी आत, मोजक्या गाड्यांपुरती जागा आखून देण्यास हरकत कोणती? पाण्याचा नळ, शौचालय, सांडपाण्याची टाकी आणि रात्री एक दिवा, एवढे पुरे. दर मात्र हॉटेलच्या खोलीपेक्षा कमी असावा आणि तो फलकावर ठळक लिहिलेला असावा.