अक्षरमालांची तुलना (सी भाषेतील)

अक्षरमालांची तुलना (सी भाषेतील) : दोन अक्षरमाला सारख्या आहेत काय आणि नसल्यास क्रमाने आधी कोणती येते, हे ठरविणारी संगणकीय क्रिया. गावांच्या, खातेदारांच्या वा मतदारांच्या याद्यांत नाव शोधणे व याद्या क्रमवार लावणे याच क्रियेवर अवलंबून असते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास विकसित केली व तिचे अमेरिकन प्रमाणक १९८९ मध्ये निश्चित झाले.

सी भाषेत अक्षरमाला म्हणजे स्मृतीत लागोपाठ ठेवलेल्या बाइटांची रांग असून शून्य मूल्याचा बाइट तिचा शेवट दर्शवितो. ‘स्ट्रकम्प’ हे प्रमाणित फलन दोन रांगांतील बाइट ओळीने ताडून पाहते व पहिला फरक आढळताच ऋण किंवा धन संख्या देते. फरक नसल्यास उत्तर शून्य असते. संख्येचे केवळ चिन्हच अर्थपूर्ण असल्याने उत्तर नेमके १ किंवा उणे १ असेल, असे गृहीत धरणे चूक ठरते.

बाइटांची मूल्ये ० ते २५५ अशी धन मानूनच तुलना व्हावी, असे प्रमाणक सांगते. स्वतः फलन लिहिताना हे पाळले नाही, तर देवनागरीत लगेच घोटाळा होतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते व त्यांतील पहिल्याचे मूल्य २२४ असते. ज्या संगणकावर बाइट ऋण मूल्येही घेतो, तेथे हेच मूल्य उणे ३२ होते, म्हणजे शेवटच्या शून्याहून लहान. परिणामी ‘तळेघर’ हे ‘तळे’ या शब्दाच्या आधी लागते.

ठराविक बाइटांपुरतीच तुलना करणारे ‘स्ट्रएनकम्प’ हे फलन वापरतानाही सावधगिरी लागते. आंबेगाव तालुक्यातील तळेघर हे नाव लिहिण्यास त, ळ, एकाराची मात्रा, घ व र अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट लागतात. तळेगाव व तळेघर यांतील पहिला फरक बाराव्या बाइटात आहे. त्यामुळे मर्यादा दहा बाइटांची ठेवल्यास ही दोन गावे संगणकास एकच वाटतात. मर्यादा अक्षरांची समजून बाइटांची दिली, की अशी चूक घडते.

क्रमाचा प्रश्न याहून वेगळा आहे. मराठी वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते. युनिकोडची देवनागरी मांडणी मात्र भारतीय लिपींच्या ‘इस्की’ या सामाईक संकेतावर आधारलेली असून तीत ळ ला ल च्या लगेच पुढे स्थान आहे. म्हणून स्ट्रकम्पने तलाव, तळे, तवा, तहसील असा क्रम लागतो. मराठी वाचकाला अपेक्षित क्रम तलाव, तवा, तहसील, तळे असा असतो. कोशात ह नंतर तळेघर शोधणाऱ्यास ते तेथे सापडणार नाही.

यावर उपाय म्हणून ‘स्ट्रकोल’ हे फलन आहे. ते निवडलेल्या भाषेच्या क्रमतक्त्यानुसार तुलना करते. मात्र त्यासाठी आज्ञावलीने प्रथम ‘सेटलोकेल’ने भाषा निवडावी लागते व त्या तक्त्यात मराठी क्रम बरोबर नोंदलेला असावा लागतो. मोठी यादी लावताना ‘स्ट्रएक्सफ्रम’ने प्रत्येक नावाचे तुलनायोग्य रूप एकदाच तयार करून ठेवल्यास श्रम वाचतात.

एकच शब्द दोन प्रकारे साठविला जाणे, ही आणखी एक अडचण होय. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण स्ट्रकम्प ते भिन्न ठरविते. म्हणून तुलनेपूर्वी सर्व नोंदी एकाच रूपात आणणे आवश्यक असते.

तुलनेचे फलन रचताना समानता हवी की क्रम, हे आधी ठरवावे लागते. क्रम लावणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ला दिलेले फलन सुसंगतही असावे लागते : अ हे ब च्या आधी व ब हे क च्या आधी असेल, तर अ हे क च्या आधीच आले पाहिजे. भाषिक क्रमाने दोन नावे समान ठरली, पण त्यांचे बाइट भिन्न असले, तर अखेरचा निर्णय स्ट्रकम्पवर सोपविता येतो. त्यामुळे यादी प्रत्येक वेळी त्याच क्रमाने लागते.