कडक कोच आला की सीनियर खेळाडूंचं नेमकं काय बिनसतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो विचारतो, "दादा, आमच्या टीमला नवा कडक कोच आलाय. ज्युनियर पोरं निमूट ऐकतात, मग सीनियर लोकांनाच तो का खुपतो?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आज मी त्याचं उत्तर तीन खऱ्या गोष्टींमधून देणार आहे.

आधी कारण समजून घेऊ. वीस वर्षांच्या पोराला नवा कोच म्हणजे नवी संधी, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं काही नसतं. बत्तीस वर्षांच्या खेळाडूचं तसं नसतं. तो ज्या सवयींवर इथपर्यंत आला, त्याच सवयी कोच चुकीच्या ठरवतो. "उद्यापासून हे खायचं नाही" असं कोच म्हणतो आणि सीनियरला ऐकू येतं, "इतकी वर्षं तू चुकत होतास." त्यात वय बोकांडी बसलेलं असतं. कोचची मर्जी गेली आणि एक सीझन बेंचवर गेला, तर पुढचा करार मिळेलच असं नाही. म्हणजे वरून जो तोरा दिसतो, त्याच्याखाली बऱ्याचदा भीती असते.

पहिली गोष्ट आर्सेनलची. ऑक्टोबर 1996 मध्ये जपानच्या नागोया क्लबमधून आर्सेन वेंगर लंडनला आले. चष्मा लावणारा, मास्तरांसारखा दिसणारा फ्रेंच माणूस. कॅप्टन टोनी ॲडम्सलाही सुरुवातीला वाटलं होतं, याला फुटबॉलमधलं काय कळणार? डिफेन्समध्ये सगळे मुरलेले गडी: ली डिक्सन आणि नायजेल विंटरबर्न 32 वर्षांचे, स्टीव्ह बोल्ड आणि गोलकीपर डेव्हिड सीमन 33 चे. क्लबमध्ये दारूची परंपरा अशी की मंगळवारचा सराव संपला की बैठक ठरलेली, कारण बुधवारी सुट्टी!

वेंगर यांनी जेवणच बदललं. उकडलेलं चिकन, मासे, वाफवलेल्या भाज्या. गोड बंद. स्ट्रेचिंग रोजचं, आणि सराव घड्याळ लावून, मोजून मापून. पहिल्या मॅचच्या प्रवासात बसमध्ये खेळाडूंनी चक्क "आमची मार्स चॉकलेटं परत द्या" असा ठेका धरला होता! बघा, हा विरोधच आहे, पण हसत केलेला. नव्या माणसाला किती ताणता येतं, हे बघायची ती पद्धत. वेंगर चिडले नाहीत आणि नियमही सोडला नाही. ती मॅच आर्सेनलने ब्लॅकबर्नविरुद्ध 2-0 अशी जिंकली.

मग हे सीनियर वळले कसे? एक म्हणजे शरीराने साक्ष दिली. ज्यांची कारकीर्द संपत आली असं वाटत होतं, त्यांना आणखी वर्षं मिळाली. डिक्सन 38 व्या वर्षापर्यंत खेळला. दुसरं, ॲडम्सने वेंगर येण्याच्या काही दिवस आधीच आपल्याला दारूचं व्यसन असल्याचं जाहीर सांगितलं होतं. कॅप्टनलाच बदल हवा असेल तर ड्रेसिंग रूममध्ये विरोधाचा म्होरक्या कोण होणार? आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: वेंगर ताटावर कडक होते, पण मैदानावर त्यांनी मोकळीक दिली. 3 मे 1998 ला एव्हर्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बोल्डने पास दिला आणि ॲडम्सने पुढे धावत जाऊन गोल मारला. दोघेही डिफेंडर! त्याच मॅचने लीग जिंकली, आणि पंधरवड्यात एफए कपही आला.

आता उलटं उदाहरण. 1974 मध्ये ब्रायन क्लफ लीड्स युनायटेडला आले. लीड्स तेव्हा इंग्लंडचे चॅम्पियन होते आणि डॉन रेव्हींनी ती टीम घडवली होती. क्लफ याच टीमला कित्येक वर्षं जाहीरपणे दांडगट म्हणत आले होते. आल्यावर त्यांनी खेळाडूंना सुनावलं, तुमची मेडल्स कचऱ्यात टाका, ती तुम्ही प्रामाणिकपणे मिळवलेली नाहीत. ऐकणाऱ्यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली. परिणाम? पहिल्या सहा लीग मॅचमध्ये एकच विजय, आणि 44 दिवसांत क्लफ बाहेर.

इथे कुणी म्हणेल, म्हातारी टीम होती, संपलेलीच होती. पण त्याच सीझनमध्ये शांत स्वभावाच्या जिमी आर्मफील्ड यांनी बहुतेक तेच खेळाडू घेऊन युरोपियन कपची फायनल गाठली. म्हणजे दम होता. क्लफ यांनी सवयी बदलायला सांगण्याआधी त्यांचा भूतकाळच नाकारला, आणि माणूस तेवढं सहन करत नाही. कडकपणा आणि अपमान यात फरक आहे, तो असा.

तिसरी गोष्ट खेळाडूच्या बाजूने. जानेवारी 2007. रियल माद्रिदचे कोच फाबिओ कपेलो, शिस्तीसाठी प्रसिद्ध. 31 वर्षांच्या डेव्हिड बेकहॅमने अमेरिकेतल्या एलए गॅलेक्सीशी करार केला, तेव्हा कपेलोंनी जाहीर केलं की हा आता आमच्यासाठी खेळणार नाही, फक्त सराव करेल. बेकहॅमने पत्रकारांसमोर तमाशा केला नाही. रोज सरावाला आला, घाम गाळला. महिनाभरात कपेलोंनाच शब्द फिरवावा लागला. फेब्रुवारीत रियल सोसिएदादविरुद्ध तो परतला आणि फ्री किकवर गोल मारला. जूनमध्ये रियलने लीग जिंकली. बार्सिलोनाचेही गुण तेवढेच, 76, पण आपसांतल्या मॅचेसमध्ये रियल सरस होतं.

तर मंडळी, यातून घ्यायचं काय? तुम्ही सीनियर असाल तर कोचला तोंडाने नाही, सरावात उत्तर द्या. पटत नसेल तर थेट त्याच्याशी बोला, कोपऱ्यात कुजबुजू नका. आणि तुम्ही कोच असाल, अगदी गल्लीतल्या टीमचे असलात तरी, काहीतरी काढून घेताना बदल्यात काहीतरी द्या. सीनियर माणूस नियमाला घाबरत नाही हो, आपण नकोसे झालोय या भावनेला घाबरतो.

तुमच्या टीममध्ये असा कोच आलाय का? सीनियर कसे वागले? व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत ठेवा म्हणजे पुढच्या भागात ऐकवता येईल. भेटूया!