नवी यंत्रे आणि आपल्याकडचा रोजगार

सरकारी मराठीत ज्याला अंकीय तंत्रज्ञान म्हणतात आणि आपण सारे ज्याला सरळ डिजिटल म्हणून मोकळे होतो, त्याने रोजगार वाढेल की बुडेल, असा वाद हल्ली वरचेवर ऐकू येतो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. काम कोणत्याही यंत्राने थोडेफार निर्माण होतेच. ते काम कसले, हा खरा प्रश्न. ज्या कामाचा मोबदला ठरलेला आहे आणि वेळेवर मिळतो, जे करता करता माणूस काही शिकतो, आजारी पडला तरी ज्याच्यामुळे तो उघड्यावर येत नाही, आणि ज्यात त्याला आपली तक्रार कोणापुढे तरी मांडता येते, त्याला आपण चांगले काम म्हणू. ही कसोटी घेऊन आपल्याच दोन जिल्ह्यांत हिंडून पाहावे.

आपल्या भागाला नवे यंत्र नवीन नाही. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना मांडला. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते अशा समजुतीने शेतकरी आधी त्याला शिवायला तयार नव्हते. पुढे नांगर खपू लागला ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या माळावर नांगराबरोबर फिटर, टर्नर आणि साचे करणारे कारागीर घडले, याकडे आपले लक्ष कमी जाते. कारागिराच्या हातात आलेले कौशल्य त्याचे स्वतःचे झाले. तो उद्या दुसऱ्या कारखान्यात गेला तरी ते त्याच्याबरोबर जाई.

आता दुसरे उदाहरण पाहू. १९९८ साली वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरील, म्हणजे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी मंडळी यांनी मिळून तो केला. गावोगाव केंद्रे उघडली, त्यांत संगणक आले, संगणकापुढे चालक बसले. उसाची नोंद, तोडीचा क्रम, वजन, येणे रक्कम ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली आणि त्यासाठी कारखान्याला खेप घालण्याचे कष्ट वाचले. हा लाभ लहान नव्हे. पण काही वर्षांनी संशोधकांनी जवळून पाहिले, तेव्हा एवढा खर्चिक संगणक मुख्यत्वे ऊसनोंदणीच्या दोनचार कामांपुरताच वापरला जातो, असे दिसले. मग सात गावांत त्याच्या जागी साधा मोबाईल आणि त्यावरचे छोटे संदेश वापरून पाहिले, आणि तेच काम कमी खर्चात झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. मात्र यंत्रापुढे बसून आकडे भरण्यापुरतेच जे काम असते, ते त्याहून स्वस्त यंत्र येईपर्यंतच टिकते, हेही त्यातून कळले. 'संगणक शिकला की नोकरी' असे मुलाबाळांना सांगणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तरीपण गावात राहून, मराठी एवढीच भाषा जाणणाऱ्या माणसाला या यंत्रावर कसदार काम करता येते काय? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. हाताने लिहिलेले देवनागरी शब्द वाचून ते स्वस्तातल्या मोबाईलवर टंकित करण्याचे काम ग्रामीण भागातील माणसांना मोबदला देऊन दोन आठवडे करायला दिले होते. इंग्रजीचा आणि संगणकाचा सराव नसलेल्या या माणसांचे काम ९६.७ टक्के अचूक निघाले. व्यावसायिक कंपनीच्या कामाशी तुलना करता ते उणे ठरले नाही. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांचा उत्साह असा की, कामाच्या वेळेला मर्यादा घाला, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली! या विचारातूनच २०२१ साली बंगळुरात 'कार्या' ही संस्था निघाली. यंत्राला भारतीय भाषा शिकवण्यासाठी लागणारे बोलण्याचे आणि लिहिण्याचे नमुने ती खेड्यापाड्यांतील लोकांकडून घेते. तासाला सुमारे पाच डॉलर देतो, आणि तेच नमुने पुन्हा विकले गेले तर बोलणाऱ्याला पुन्हा वाटा देतो, असे ती सांगते. पण एका माणसाला साधारण दीड हजार डॉलरच्या वर काम द्यायचे नाही, असाही तिचा दंडक सांगितला जातो. म्हणजे लाभ अधिकांना व्हावा. हेतू चांगला आहे. मात्र ज्याला अशी मर्यादा आहे त्याला जोडधंदा म्हणावे, नोकरी म्हणू नये.

माण तालुक्यातल्या म्हसवडचा अनुभव याहून निराळा आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणावरून तो नाकारला गेला. त्या बायका शिकल्या, परत गेल्या, व्याजाचा हिशेब तुमच्याआधी तोंडी करून दाखवतो म्हणाल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा गुप्त आकड्याला या बायकांनी नकार दिला. आकडा कोणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि बँकेने व्यवहार अंगठ्याला जोडले. ज्या अंगठ्यापायी पूर्वी माणूस अडाणी ठरे, तोच इथे तिजोरीची किल्ली झाला. शेळ्या पाळणारी वा बाजारात भाजी विकणारी बाई काही संगणकावर काम करीत नाही. पण तिचे पैसे तिच्याच हाती राहिले म्हणजे तिचा धंदा वाढतो, आणि यंत्र कसे असावे हे तिला विचारले गेले म्हणूनच ते तिच्या उपयोगी पडले.

आता सर्वांत अडचणीचा भाग. शहरांत, आणि आता सातारा-सांगलीतही, मोबाईलवर आलेल्या हुकमाप्रमाणे जेवण व सामान पोचवणारी, गाडी चालवणारी तरुण मुले आपण रोज पाहतो. मालक कोण, हे त्यांना धड सांगता येत नाही. दर कोण ठरवतो, काम एकाएकी बंद का झाले, हेही कळत नाही. ही स्थिती नवी वाटते. पण आपल्या जिल्ह्याला ती चांगली ओळखीची आहे. सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेली माणसे सगळीच गिरणीत लागली नाहीत. कितीतरी जण गोदीत, लोखंडबाजारात, धान्यबाजारात डोक्यावर ओझी वाहू लागले. आज एका व्यापाऱ्याचे पोते, उद्या दुसऱ्याचे. त्यामुळे अपघात झाला की सगळे व्यापारी हात झटकत. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या माथाड्यांची संघटना बांधली. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. या चळवळींतून १९६९ साली माथाडी कायदा झाला.

त्या कायद्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एक मालक सापडत नाही ना, मग त्याच्यावाचून चालवू, असे त्याने म्हटले. सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले. व्यापाऱ्यांची नोंदणी मंडळात, हमालांच्या टोळ्यांची नोंदणीही मंडळात. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठराविक टक्केवारीची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी रजा, औषधोपचार यांची सोय करायची. पोते कोणाचेही असो, हमालाचा हक्क एका जागी साठत जातो. या मंडळांत पुढे दोष शिरले, बोगस टोळ्यांच्या तक्रारी झाल्या, हे मी नाकारीत नाही. मूळ कल्पना मात्र पक्की होती.

मोबाईलवरच्या कामाला हीच कल्पना लावणे अधिक सोपे आहे, कारण तिथे प्रत्येक खेपेची नोंद यंत्रात आपोआप होते. हमालाने किती पोती उचलली यावरून वाद होई. इथे खेप केव्हा सुरू झाली, कुठे संपली, पैसे किती आले, सारे लिहिलेले असते. फक्त ती वही कंपनीच्या कपाटात असते. २०२० सालची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने अशा कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत भरावी असे ठरवले. ती रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये, अशीही अट घातली. ही एका अर्थी लेव्हीच झाली. पण माथाडी मंडळाच्या हातून मजुरीही जाते. या निधीच्या हातून ती जात नाही. खेपेचा दर कंपनीच ठरवणार. नोंदणीसाठी २०२१ पासून ई-श्रमचे दालन आहे. आधार क्रमांक आणि मोबाईल एवढ्यावर नाव घालता येते, बारा आकडी क्रमांक मिळतो, आणि गाव वा कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. आपल्या घरी सामान घेऊन येणाऱ्या मुलाला तो क्रमांक काढला आहे का, एवढे विचारायला फार वेळ लागत नाही.