दहिसरहून पहिला ट्रेक: आधी कान्हेरी, मग तांदूळवाडी

ट्रेकिंग सुरू करायचं म्हटलं की मित्रमंडळी हमखास कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड सुचवतात. रात्रभराचा प्रवास, अर्धवट झोप आणि सकाळी अंगावर येणारा चढ. यातून नवख्याच्या वाट्याला थकवाच जास्त येतो. दम, पाणी आणि वेळ यांचा हिशेब जमला की ट्रेक जमला, आणि तो शिकायला दहिसरकरांना फार लांब जावं लागत नाही.

सुरुवात कान्हेरीपासून करा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. रस्ता डांबरी, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. सोमवारी उद्यान बंद असतं. बिबट्यांचं जंगल आहे, म्हणून रस्ता सोडून आत शिरू नये. आतल्या पायवाटांसाठी वनविभागाची परवानगी लागते. चालायला लागल्यावर पहिली काही मिनिटं धाप लागते, कारण हृदय आणि फुप्फुसं स्नायूंच्या वाढलेल्या गरजेपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतात. तेवढा वेळ मुद्दाम सावकाश चाला. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं, तर वेग बरोबर आहे. लेण्यांच्या दगडी पायऱ्या चढतानाही हीच परीक्षा लावा. तिथे जागोजागी पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, दिसतील. पावसाचं पाणी त्यांत वळवायला कातळात पन्हळी कोरल्या आहेत. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांसाठी केलेली ही तजवीज. गडांवरची टाकीही याच विचारानं खोदलेली, पण त्यांच्या भरवशावर निघू नये. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या आणि तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पीत राहा.

कान्हेरी पायी जाऊन-येऊन दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं चालता आलं, की तांदूळवाडीचा गड गाठा. दहिसरहून विरार लोकल, तिथून डहाणू गाडी आणि वैतरणेनंतरचं स्टेशन सफाळे. पायथ्याचं तांदूळवाडी गाव तिथून रिक्षानं गाठता येतं. विरारपुढे दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, म्हणून परतीची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवा. पहिल्यांदा जाताना वाट माहीत असलेलं कुणीतरी सोबत हवंच.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, जाऊन-येऊन वाट सहा किलोमीटर आणि चढ ४५० मीटर. चालण्याची ७२ मिनिटं, चढाईची ४५, म्हणजे जवळपास दोन तास. आपल्याकडचा उकाडा आणि नवखे पाय धरून त्याची दीडपट करा, माथ्यावर एक तास ठेवा. चार तास झाले. आठला चढायला लागलात तर बाराला खाली. यावरून परतीची वेळ आधीच ठरवा आणि ती झाली की माथा दिसत असला तरी मागे फिरा.

उतरताना दम लागत नाही, पण पाय जास्त दुखावतात. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, म्हणून ठणका एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त जाणवतो. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकवलेले ठेवा, घसाऱ्यावर पाऊल आडवं रोवा. बुटाचे तळवे खोल खाचांचे असावेत, उतरण्याआधी नाड्या आवळाव्यात आणि नखं आदल्या दिवशी कापावीत. नाहीतर अंगठा पुढे आपटून काळानिळा होतो. कोरड्या कातळावर चांगली पकड मिळते, शेवाळलेल्या कातळावर अजिबात नाही. म्हणून पहिले ट्रेक नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करा.

वाट चुकणं बहुधा ढोरवाटांमुळे होतं. गुरं चरायला जातात, तिथेच त्या विरतात. अशा वेळी सरळ खाली उतरू नका. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनला आहे. मऊ थर झिजून उतार झाले, टणक थरांचे कडे राहिले. वरून सोपा वाटणारा उतार म्हणूनच अचानक कड्यावर संपतो. शेवटची खात्रीची खूण जिथे होती, तिथवर मागे या. निघताना घरी गडाचं नाव आणि परतीची वेळ सांगून ठेवा, अडचणीत ११२ लावा. आग्या मोहोळं असतात, म्हणून वर धूर आणि अत्तर दोन्ही टाळा.

तांदूळवाडी आरामात झाला की पालघरजवळच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्ग, मग मनोरकडचा अशेरी. काळदुर्गाच्या माथ्याच्या चौकोनी कातळावर आणि अशेरीच्या कातळटप्प्यावर हातांचाही सराव होईल. त्यानंतर १६४६ मीटरच्या कळसूबाईला जरूर जा. आपला वेग, आपलं पाणी आणि मागे फिरायची वेळ तोवर तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.