वाळवण घरचे, पण बुरशीपासून सांभाळा

गेल्या पावसाळ्यात एक आजी रक्तदाब तपासायला आल्या होत्या. येताना पिशवीतून एक बरणी घेऊन आल्या. सुनेने उन्हाळ्यात विजेवरच्या ड्रायरमध्ये परसातल्या मिरच्या आणि टोमॅटो वाळवून ठेवले होते. त्यावर पांढरट-हिरवी बुरशी चढली होती. "डॉक्टर, झटकून उन्हात दाखवलं की चालेल ना? टाकवत नाही हो!" असे त्यांचे म्हणणे. घरच्या मेहनतीचा जिन्नस टाकताना जीव तुटतो, हे खरे, पण माझे उत्तर होते, "नाही, आजी. टाकूनच द्या."

याचे कारण समजून घेऊ. काही बुरशा 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करतात. ते यकृतावर घाला घालते. बुरशी झटकली तरी विष आत राहते आणि नेहमीच्या शिजवण्याने ते पुरते नाहीसे होत नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाण्यात आला आणि काविळीने शंभरावर माणसे दगावली. मिरचीची एक बरणी म्हणजे तो मका नव्हे. परंतु धोका पत्करायचा कशासाठी?

मुळात बुरशी येते ती आत राहिलेल्या ओलाव्यामुळे. टोमॅटोत शेकडा ९० हून अधिक पाणी असते, म्हणून दहा किलोचे जेमतेम अर्धा-पाऊण किलो उरतात. हे पाणी सावकाश पण पूर्ण जायला हवे. ड्रायरमध्ये गरम हवा पंख्याने खेळवलेली असते. भाज्या-फळांना साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान पुरते. लवकर व्हावे म्हणून आच वाढवली, तर वरची साल कडक होते आणि गर ओलाच राहतो. आजींच्या घरी नेमके हेच झाले होते.

तेव्हा एवढे पाळावे. निरोगी, न डागाळलेली भाजी घ्यावी, धुऊन सारख्या जाडीच्या पातळ चकत्या कराव्यात. गवार, गाजर यांसारख्या भाज्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात टाकाव्यात. रंग व चव टिकते. ट्रेमध्ये थरावर थर रचू नयेत. भाजी कटकन मोडली पाहिजे. फळ चिवट चालेल, पण दाबल्यावर पाणी दिसता कामा नये. मध्येच लाइट गेली, तर माल बंद पेटीत कोंडून न ठेवता जाळीखाली उन्हात किंवा वाऱ्यावर पसरावा.

गार झाल्यावर बरणी दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवावी. काचेवर आतून दव दिसले, तर पुन्हा वाळवावे. पावसाळ्यात बरणीत ओला हात वा चमचा घालू नये.

पोषणाचे काय, असे अनेक जण विचारतात. वाळवताना 'क' जीवनसत्त्व बरेच जाते. चोथा, लोह व इतर खनिजे मात्र बहुतांशी राहतात. मेथी, शेवग्याचा पाला कडक उन्हात न ठेवता सावलीत किंवा ड्रायरमध्ये वाळवावा, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वासाठी लागणारे कॅरोटीन कमी नष्ट होते. वाळवण हे ताज्या भाजीची जागा घेत नाही, टंचाईच्या दिवसांत तिला हातभार लावते.

मधुमेही मंडळींनी सुकवलेली फळे मोजूनच खावीत. १०० ग्रॅम द्राक्षांतून सुमारे ७० कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच बेदाण्यांतून ३०० च्या आसपास. दमेकऱ्यांनी गंधकाची धुरी दिलेली सुकी फळे जपून खावीत. काहींना त्याने धाप लागते.

आता आजींच्या रक्तदाबाकडे वळू. गोळ्या वेळेवर घेऊनही तो उतरत नव्हता. विचारल्यावर कळले, रोज दोन्ही वेळा ताटात सांडगी मिरची आणि मिठातली सुकी गवार! दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ड्रायरमध्ये वाळवताना मीठ घालावेच लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. रक्तदाब असलेल्या माणसाच्या घरी बिनमिठाची बरणी वेगळी ठेवावी.

आजींनी बरणी रिकामी केली आणि सांडगी मिरचीही सणावारापुरती ठेवली. पुढच्या महिन्यात रक्तदाबाचा आकडा बघून दोघांनाही बरे वाटले. यंदा वाळवण जरूर करा. मात्र बरणीचे झाकण लावण्याआधी एक तुकडा मोडून पाहा.