ऊन साठवताना (लेखांक ६) : ‘किती अँपिअरचा?’ एवढंच विचारू नका

गेल्या आठवड्यात आपण बॅटरीची क्षमता ठरवली. आता पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधली पेटी, म्हणजे चार्ज कंट्रोलर. गिऱ्हाईक पॅनेलच्या कंपनीवरून अर्धा तास घासाघीस करतं आणि कंट्रोलर मात्र ‘द्या त्यातलाच एखादा’ म्हणून उचलतं. बॅटरीचं आयुष्य बरंचसं याच पेटीवर ठरतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात नसतं.

कंट्रोलर दोन जातींचे. पीडब्ल्यूएम म्हणजे झपाझप उघडमीट करणारा स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर उतरावं लागतं. ३६ सेलचं छोटं पॅनेल सुमारे १८ व्होल्टवर चालतं. १२ व्होल्टच्या बॅटरीशी त्याचं जमून जातं. पण हल्ली सर्रास मिळणारं ५४० वॉटचं पॅनेल पूर्ण वीज देतं ते ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरच्या आसपास. ते पीडब्ल्यूएममधून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलंत, तर अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्ट साडेतेरावर येतात. हाती उरतात जेमतेम १७५ वॉट. पैसे मात्र ५४० वॉटचे मोजलेले! एमपीपीटी हा वरचा व्होल्टेज फुकट न घालवता त्याचे जादा अँपिअर करून बॅटरीला देतो. माझं मत स्पष्ट आहे : गोठ्यातले दोन-तीन दिवे आणि मोबाइल चार्जिंग एवढंच काम असेल, पॅनेलही ३६ सेलचं असेल, तर काही शे रुपयांचा पीडब्ल्यूएम पुरे. मोठं पॅनेल घेतलं असेल, तर तिथे काटकसर करू नका.

अँपिअरचा हिशेब सोपा आहे. पॅनेलचे एकूण वॉट भागिले बॅटरीचे व्होल्ट. अशी दोन पॅनेलं म्हणजे १०८० वॉट. १२ व्होल्टला ९० अँपिअर, २४ व्होल्टला ४५. म्हणूनच बॅटऱ्या २४ व्होल्टच्या जोडणीत घ्या आणि पाव हिस्सा जादा धरून ६० अँपिअरचा कंट्रोलर निवडा. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास करंट मानवतो, तेव्हा करंटला मर्यादा घालायची सोय कंट्रोलरमध्ये आहे ना, तेही बघा.

खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. पॅनेलच्या मागच्या लेबलवर ‘व्हीओसी’ असा आकडा असतो, म्हणजे काहीही न जोडता मिळणारा व्होल्टेज. आपल्या ५४० वॉटच्या पॅनेलचा तो साधारण साडेएकोणपन्नास. दोन पॅनेलं सिरीजमध्ये जोडली की ९९. कंट्रोलरवर ‘कमाल १०० व्होल्ट’ लिहिलेलं, म्हणजे बसतंय! नाही बसत. लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो आणि सेल थंड होतील तसा व्होल्टेज वाढतो, अंशामागे पाव टक्क्याहून थोडा जास्त. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांवर उतरतो. त्या सकाळी पहिलं ऊन पडताच हे ९९ चे १०४ होतात आणि कंट्रोलर जळतो. बहुतेक कंपन्या अशा वेळी वॉरंटीही देत नाहीत. १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्या, नाहीतर पॅनेलं पॅरललमध्ये जोडा आणि वायर जाड वापरा.

बॅटरीचा प्रकार कंट्रोलरला सांगावा लागतो. ट्युब्युलरला अधूनमधून चढ्या व्होल्टेजचं इक्वलायझेशन लागतं. लिथियम फॉस्फेटला ते घातक. विदर्भातल्या उन्हाळ्यात बॅटरीची खोलीच चाळीस अंशांवर जाते. तिथे तापमान पाहून चार्जिंगचा व्होल्टेज उतरवणारा सेन्सर नसेल, तर ट्युब्युलरमधलं पाणी भराभर आटतं.

बाजारात हलक्या पीडब्ल्यूएमवर ‘एमपीपीटी’चं स्टिकर लावून विकणारेही आहेत. पारख करायला डीसी क्लॅम्प मीटर हवा. बॅटरी बरीच उतरलेली असताना, भर उन्हात, आधी पॅनेलकडच्या वायरचा करंट मोजा, मग बॅटरीकडचा. बॅटरीकडे स्पष्ट जास्त आला तर माल अस्सल. दोन्हीकडे सारखाच आला तर स्टिकरचे पैसे परत मागा.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. पुढच्या आठवड्यात वायरची जाडी आणि डीसी फ्यूज. तोवर आपल्या पॅनेलचा व्हीओसी वहीत टिपून ठेवा, त्या हिशेबालाही तो लागेल.