केकचा भाव आणि हाताची मजुरी

वाढदिवसाच्या केकवर साखरेची फुले एकेक करून बसविणाऱ्या गृहिणीला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो 'किलोला काय भाव?' हाच. बेकरीत तो शोभतो. तेथे एका भट्टीतून कितीतरी नग निघतात. घरच्या ओट्यावर एकच निघतो. समजा, मैदा, लोणी, साखर, खोके, वीज धरून ५०० रुपये लागले आणि केक ८०० रुपयांना गेला. ३०० रुपये सुटले, असे घरचे कौतुकाने म्हणतात. परंतु भाजणे, निववणे, थर लावणे, फुले घडविणे यांत सहा तास गेले असतील, तर तासाला ५० रुपयेच पडले. बिघडलेला पहिला घाणा तर हिशेबातही नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने नगावर राबणाऱ्यासही काही संरक्षण दिले होते. येथे मालक आणि मजूर एकच. दाद कोणाकडे मागावी? शिवाय ही मजुरी प्रथम नाकारते ती स्वतःच. शेजारच्या मुलीचा वाढदिवस, तिथे पैसे काय मागायचे! कापडाचे पैसे वेगळे मोजून शिंप्याला शिलाई निराळी देताना मात्र हाच शेजारी कुरकुरत नाही. तेव्हा साहित्य आणि शिलाईसारखी मजुरी, असे दोन आकडे तिने आधीच कागदावर लिहून द्यावेत. दर जड वाटल्यास फुलांविना साधा केक घेण्याची मुभा गिऱ्हाइकास आहेच.